छपराखालची इतवारी

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून आयआरएस-१ए हा उपग्रह झेपावला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या लेखी ७२.५ मीटर लांब आणि तितकीच रुंद जमीन म्हणजे एक ठिपका. या हिशेबाने नागपूरच्या इतवारीतली सराफ्याची अख्खी ओळ, तिच्यामागची गल्ली आणि गल्लीतली घरे दोन-चार ठिपक्यांत गुंडाळली जात. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. पडीक जमीन, जंगल, भूजल अशा कामांना तो ठिपका पुरेसा होता. शहराच्या कामाला तो अगदीच जाडाभरडा.

मोजणीचे वेड मात्र नागपूरला त्याहून जुने. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लँबटन नागपूरकडे निघालेला असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडावर १९०७ हे साल आणि १०२०.१७१ फूट ही समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा हा आकडा दुर्बीण आणि पट्टी घेऊन, टप्प्याटप्प्याने चालत इथवर आणला गेला.

विमानातून काढलेल्या छायाचित्रांनी हे चालणे बरेच कमी केले. लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण ६० टक्के भाग सामाईक ठेवायचा, जोडी स्टिरिओस्कोपखाली धरायची, की टेकडी डोळ्यांसमोर उठून उभी राहते. दोन ठिकाणांहून पाहिल्यावर एकच वस्तू किती सरकलेली दिसते, यावरून तिची उंची काढता येते. ही जुळणी पुढे संगणकाकडे गेली आणि माणसाने एकेक बिंदू टिपण्याचे काम यंत्र करू लागले.

५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ ने हीच युक्ती अवकाशात नेली. एक कॅमेरा २६ अंश पुढे झुकलेला, दुसरा ५ अंश मागे. दोघे एकच जागा जेमतेम ५२ सेकंदांच्या फरकाने टिपत. ठिपका २.५ मीटरवर आला. इतवारीचा मोठा रस्ता आता ओळखू येऊ लागला. या जोडचित्रांतून देशभराचे कार्टोडेम हे उंचीचे प्रारूप तयार झाले. मात्र अशा प्रारूपात नोंदली जाते ती वरून दिसणाऱ्या पृष्ठाची उंची. शेतात ते पृष्ठ म्हणजे जमीनच. दाट वस्तीत ते छप्पर असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी पाणी कुठे वळेल हे अर्ध्या-एक मीटरच्या चढउतारावर ठरते, आणि तो चढउतार छपरांच्या खाली असतो.

लेसरने काही अंशी वाट काढली. पानांच्या फटींतून किरण जमिनीपर्यंत पोचतो आणि परत येतो, म्हणून झाडीखालचा उतार कळतो. मुंबई-नागपूर जलदगती रेल्वेच्या आखणीसाठी मार्च २०२१ मध्ये विमानातून असे लायडार सर्वेक्षण सुरू झाले. टिनाच्या पत्र्यात मात्र फट नसते.

ड्रोनने ठिपका ५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणला. गावठाणांतल्या घरांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावठाणात अशा मोजणीचा प्रयोग झाला होता. तिथली रीत मजेशीर आहे. ड्रोन उडवण्यापूर्वी मालकांना विचारून घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, म्हणजे त्या फोटोत पांढऱ्या रेघा होऊन उमटतात. मग १:५०० च्या नकाशावर त्या रेघा चढवायच्या, पुन्हा गावात जाऊन खात्री करायची आणि शेवटी मालकीची सनद.

इतवारीत चुना मारायचा कुठे? किराणा ओळीत दुकानाला दुकान खेटलेले, भिंत सामाईक, वर पत्र्याची पडवी पुढे आलेली, तिच्यावर ताडपत्री, त्यावर विजेच्या तारांचे जाळे. आखीव पत्रिकेतली, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीतली, हद्द पडवीच्या बऱ्याच आत, पायाशी असते. ड्रोनला दिसते ती पडवीची कड. शिवाय उंच इमारत फोटोच्या मध्यापासून जितकी दूर, तितकी बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसते आणि अरुंद गल्ली झाकून टाकते. त्यासाठी तिरके कॅमेरे आले. ते भिंती दाखवतात, पण भिंतीच्या आत कोणाचे किती हे सांगत नाहीत. तिथे भूकरमापकाला ईटीएस हे मोजणीचे यंत्र घेऊन गल्लीत उभे राहावेच लागते, तेही हमाल आणि हातगाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी जमिनींच्या मोजणीसाठी केंद्राचा 'नक्शा' कार्यक्रम सुरू झाला. त्यात साधा कॅमेरा, तिरका कॅमेरा आणि लायडार असे तिन्ही मार्ग ठेवले आहेत. पहिल्या टप्प्यासाठी निवडलेली शहरे ३५ चौरस किलोमीटरहून कमी क्षेत्राची आणि दोन लाखांहून कमी वस्तीची. नागपूर या मापात बसत नाही, त्यामुळे इतवारीची पाळी आलीच तर ती पुढच्या टप्प्यांत येईल.