लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात? आधी घराचं अर्थिंग बघा

मे महिन्यात आपाकडे गेलो होतो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी. भाची बी.कॉम.ला आहे, परीक्षा तोंडावर आलेली. दुपारी अभ्यासाला बसली होती ती मधेच म्हणाली, "मामू, हा लॅपटॉप चावतो."

चावतो म्हणजे काय, तर मनगट लॅपटॉपच्या धातूच्या कडेला टेकलं की बारीक मुंग्या येतात. चार्जर लावलेला असेल तरच. वुजू करून ओल्या पायांनी लादीवर येऊन बसली की जास्त. चप्पल घातली की जवळजवळ नाहीच. आपा म्हणाली, "काही नाही रे, जरासा करंट मारतो. फ्रिजपण कधीकधी मारतो. सवय झालीय आम्हाला."

लॅपटॉपपेक्षा मला आपाच्या त्या शेवटच्या दोन वाक्यांची भीती वाटली.

हा प्रकार अनेक घरांत आहे. कुणी घाबरून लॅपटॉप विकायला काढतो, कुणी आपासारखी सवय करून घेतो. दोन्ही चूक. मुंग्या कुठून येतात ते कळलं तर पुढे काय करायचं ते आपोआप कळतं.

आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते. लॅपटॉपला लागते साधारण २० व्होल्टची. मधलं काम अडॅप्टर करतो, म्हणजे वायरच्या मधोमध असलेली ती काळी डबी. तिच्यातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. त्यातून खरखर पैदा होते, जी रेडिओ-टीव्हीला त्रास देते. ती दाबण्यासाठी आत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांच्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बाजूला झिरपतो. हा बिघाड नाही. कंपनीने जाणूनबुजून तसं बनवलेलं असतं आणि त्याला मर्यादाही ठरलेली आहे. दोन पिनच्या अडॅप्टरसाठी ती पाव मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा चार हजारावा भाग. माणसाला करंट जाणवायला लागतो तो साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून. पण मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी नाजूक असते, तिथे त्याहून कमीही कळतो. स्नायू आखडून हात सुटत नाही अशी वेळ येते ती दहा मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे चांगल्या अडॅप्टरच्या नुसत्या मुंग्यांनी जीव जात नाही, एवढी फिकीर सोडायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हिच्यामुळे घरोघरी घबराट होते. कुणीतरी टेस्टर आणतो, लॅपटॉपला टेकवतो आणि टेस्टरचा दिवा लागतो. मल्टिमीटर लावला तर तो शंभरच्या आसपास व्होल्ट दाखवतो. मग 'अरे, बॉडीत लाईट आली' म्हणून धावपळ. पण टेस्टरमधला निऑनचा दिवा इतक्या कमी करंटवर लागतो की धोकादायक करंट कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हे त्याला कळतच नाही. टेस्टर लागला म्हणून लॅपटॉप खराब झाला असं होत नाही. आणि 'टेस्टर मंद लागतोय, म्हणजे ठीक आहे' असंही होत नाही.

मग तीन पिनचा अडॅप्टर कशासाठी? त्यातली वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. झिरपणारा करंट तिच्यातून जमिनीत जातो, आपल्या हातापर्यंत येतच नाही. ती लांब अशासाठी ठेवलेली असते की प्लग घालताना आधी अर्थ जुळावा आणि काढताना शेवटी सुटावा. पण ही पिन सॉकेटमागे कशालाच जोडलेली नसेल, तर गंमत उलटी होते. तीन पिनचा अडॅप्टर अर्थिंग आहे असं धरूनच बनवलेला असल्यामुळे त्याचा झिरपणारा करंट दोन पिनच्या अडॅप्टरपेक्षा जास्त असू शकतो, आणि तो सगळा लॅपटॉपच्या अंगावर येऊन बसतो. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर कॉम्प्युटर, प्रिंटर आणि लॅपटॉप असेल आणि त्या बोर्डाचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर तिघांचा करंट एकत्र जमतो आणि ज्याला हात लावाल तो चावतो.

भाचीचा लॅपटॉप कुवेतहून आलेला. दाजी तिकडे नोकरीला आहेत. आपल्याकडे कोकणात निम्म्या घरांची हीच कहाणी: कुवेत, दुबई, कतारचा लॅपटॉप, त्याला तिकडचा चौकोनी पिनांचा प्लग. इथल्या गोल सॉकेटमध्ये तो बसत नाही, म्हणून बाजारातून पन्नास-साठ रुपयांचा कन्व्हर्टर आणायचा. आपाकडचा कन्व्हर्टर काढून बघितला. पुढून तीन भोकं, मागे फक्त दोन पिना. म्हणजे तिकडच्या प्लगची अर्थ पिन कन्व्हर्टरमध्ये जाऊन हवेत लटकते. तुमच्या घरी असा कन्व्हर्टर असेल तर आत्ता उलटा करून बघा. मागे दोनच पिना असतील तर तो लॅपटॉपला वापरू नका, इस्त्रीला तर अजिबात नको. तीन पिनवाल्याची अर्थ पिन फोडून ती टू-पिनमध्ये घुसवणं हाही त्यातलाच प्रकार.

यावर उपाय स्वस्त आहे. अडॅप्टर बदलायची गरज नसते. बहुतेक अडॅप्टरची भिंतीकडची वायर सुटी निघते, तीन पाकळ्यांच्या तोंडाची. तशीच इथल्या तीन गोल पिनांची, आयएसआय मार्कवाली वायर दुकानात मिळते. ती लावली की कन्व्हर्टरची कटकटच संपते. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, तेवढं बघून घ्या.

आम्ही वायर आणली. लावली. भाचीने मनगट टेकवलं आणि म्हणाली, "मामू, अजून चावतो."

मग सॉकेट बदलून बघितलं. तुम्हीही घरच्या घरी एवढंच करून बघा, यात काही उघडायचं नाही. चार्जर काढून बॅटरीवर लॅपटॉप चालवा. मुंग्या थांबल्या तर करंट चार्जरकडून येतोय हे नक्की. (थंडीच्या कोरड्या दिवसांत एकदाच 'चट' बसतो तो वेगळा. ती कपड्यांची स्थिर वीज, ती सोडून द्या.) मग तोच चार्जर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन न वापरता थेट भिंतीत. तिथे मुंग्या गेल्या तर पहिल्या सॉकेटचं किंवा एक्स्टेंशनचं अर्थिंग नाही. सगळ्या सॉकेटवर येत असतील, तर एकतर पूर्ण घराचं अर्थिंग गेलंय, नाहीतर अडॅप्टरमध्ये काही आहे. शेजाऱ्यांच्या किंवा ऑफिसच्या चांगल्या सॉकेटवर लावून बघितलं की तेही कळतं.

अडॅप्टर मुळातच दोन पिनचा असेल तर थोड्या मुंग्या राहणारच. चप्पल घाला, हातपाय कोरडे ठेवा, लॅपटॉप मांडीवर न घेता टेबलावर ठेवा, किंवा आधी चार्ज करून मग बॅटरीवर काम करा. टीव्हीला केबल जोडताना लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढून मग जोडा. तिथे ठिणगी उडून पोर्ट जळतात.

आपाकडे प्रत्येक सॉकेटवर मुंग्या होत्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बल्ब लावून तपासलं: फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख, फेज आणि अर्थमध्ये काहीच नाही. (ही तपासणी त्यालाच करू द्या, तुम्ही नको.) तो म्हणाला, "सोपं आहे, इथेच सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला एक तुकडा मारून देतो, पाच मिनिटांचं काम."

हा लेख लिहायचं खरं कारण हे वाक्य आहे. असा तुकडा मारला की मुंग्या खरोखर थांबतात, म्हणून लोक खूश होतात. पण पुढे कधी न्यूट्रल वायर कुठे सैल झाली किंवा तुटली, तर चालू असलेल्या उपकरणातून येणारी फेज त्या तुकड्यावरून अर्थच्या पिनवर येते आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप सगळ्यांच्या अंगात पूर्ण २३० व्होल्ट उतरतात. त्या मुंग्या नसतात. नळाच्या पाइपला अर्थिंग बांधायचा जुना रिवाजही असाच. आता अर्धा पाइप प्लास्टिकचा असतो, करंट जमिनीत जात नाही आणि चाळीत भलत्याच घरातल्या नळाला शॉक लागतो. असं कुणी सुचवलं तर शुक्रिया म्हणून दुसरा माणूस बघा, शक्यतो लायसनवाला. मीटरच्या पुढचं घरातलं वायरिंग आणि अर्थिंग ही जबाबदारी आपली असते, महावितरणची नाही.

दुसरा माणूस आला. त्याने मीटरपासून सुरुवात केली. अर्थिंगचा खड्डा परसात होता, पण दोन वर्षांपूर्वी लादी घालताना गवंड्याने त्याची तार कापून बाजूला ठेवलेली. कुणाला पत्ताच नाही. दोन वर्षं फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, विहिरीवरचा पंप, सगळं अर्थिंगशिवाय चालत होतं. लॅपटॉपच्या मुंग्यांनी ते सांगितलं एवढंच. गीझरचं कॉइल फुटलं असतं तर मुंग्यांवर भागलं नसतं. तार जोडली, खड्ड्यात कोळसा-मीठ नव्याने भरलं. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मार्च ते जूनपर्यंत अधूनमधून त्यात पाणी ओतायला सांगून गेला.

मेन बोर्डावर त्याने आरसीसीबीही बसवला, ३० मिलिअँपिअरचा. लोक समजतात एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून बचाव झाला. तसं नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला शॉक लागला तर तो पडतच नाही. आरसीसीबी मात्र करंट माणसातून जमिनीत जायला लागला की क्षणात लाईट तोडतो. भाड्याचं घर आहे, मालक अर्थिंग करून देत नाही, अशांनी निदान हा तरी बसवून घ्या, तो अर्थिंग नसतानाही काम करतो. त्यावर 'टेस्ट'चं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून लाईट गेली नाही तर तो बदलायचा. लॅपटॉपच्या पाव मिलिअँपिअरने तो पडत नाही, म्हणून मुंग्यांचं मूळ शोधावंच लागतं.

आता राहिला अडॅप्टर. वर सगळं सांगितलं ते चांगल्या अडॅप्टरबद्दल. फुटपाथवरच्या नकली अडॅप्टरमध्ये आतला कपॅसिटर साधा असतो आणि इन्सुलेशन कागदाएवढं. ते फुटलं की मेनची वीज थेट लॅपटॉपमध्ये. भारतात अशा अडॅप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. डबीवर 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर घेऊ नका.

आणि हे दिसलं तर तपासणी-बिपासणी नको, मेन बंद करून चार्जर बाजूला ठेवा: मुंग्यांऐवजी झटका बसून हात मागे येणं, अडॅप्टरमधून जळका वास किंवा जोराची गुणगुण, हात ठेवता येणार नाही इतका गरमपणा, वायर उसवून आतली तांब्याची तार दिसणं. कुणी चिकटलं तर त्याला हात न लावता आधी मेन बंद, मग १०८ ला फोन.

आपाने त्या दिवशी दोन वर्षांनी पहिल्यांदा चप्पल न घालता फ्रिज उघडला. भाचीने मनगट टेकवून बघितलं, काहीच नाही म्हणाली, आणि पुन्हा कॉस्टिंगच्या गणितात डोकं घातलं.