जुन्या पद्मिनीत जोरदार इंजिन टाकताय? आधी ब्रेक बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन तिच्यात जोरदार इंजिन टाकायची हौस बऱ्याच जणांना असते. पण या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेग दुप्पट केला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला तर ड्रम तापून पकड जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवा.

आधी लायनर, व्हील सिलिंडर, रबरी पाइप तपासून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, दर दोन वर्षांनी बदला. पुढे डिस्क बसवली तर मास्टर सिलिंडर जुळणारा हवा. पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ नसला तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते.

इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्यावीच लागते.