सॉफ्टवेअर तीन भाषांत विकायचंय? कोड एकच ठेवा!

समजा, तुम्ही सी भाषेत दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलंय. लातूरचा दुकानदार म्हणतो मराठीत द्या, हुबळीचा म्हणतो कन्नडमध्ये. प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्राम केलात, तर एकच चूक तीन ठिकाणी दुरुस्त करत बसाल. नफा तिथेच संपला!

यावर मोफत उपाय आहे: जीएनयू गेटटेक्स्ट.

१. प्रोग्रामच्या सुरुवातीला सेटलोकेल, बाइंडटेक्स्टडोमेन आणि टेक्स्टडोमेन ही फंक्शन्स कॉल करा.
२. स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक वाक्य गेटटेक्स्ट फंक्शनमध्ये टाका.
३. एक्सगेटटेक्स्ट कमांड ही वाक्यं एका फाईलमध्ये काढून देते. त्यावरून प्रत्येक भाषेची पीओ फाईल बनवा. ती साधी मजकुराची फाईल असते. भाषांतर करणाऱ्याला सी यायची गरज नाही.
४. एमएसजीएफएमटी कमांडने तिची एमओ फाईल करा. झालं!

एखादं भाषांतर राहिलं तरी प्रोग्राम अडत नाही, मूळ वाक्य दिसतं.

एक काळजी घ्या. वाक्याचे तुकडे जोडू नका, पूर्ण वाक्य द्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आणि '१ पिशवी, ५ पिशव्या' यासाठी एनगेटटेक्स्ट वापरा.

उद्या चौथी भाषा मागणारा ग्राहक आला, तर 'नाही' म्हणू नका. भाषांतर आणि तपासणीचा खर्च धरा आणि कोटेशन पाठवा!