आठ दिवसांचे पाणी आणि डास

आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनीही येते. आणि आपल्याकडच्या उबदार हवेत डासाच्या अंड्यातून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवसच लागतात. हा योगायोग माझ्या ध्यानात यायला धाकट्या बहिणीचे आजारपण यावे लागले.

मागच्या भाद्रपदात तिला डेंग्यू झाला. सहा दिवस ती तालुक्याच्या दवाखान्यात होती. रोज रक्त तपासायचे, प्लेटलेटचा आकडा ऐकायचा आणि बाहेर बसलेल्या आईला सांगायचा. आईला आकडा कळत नव्हता, पण माझा चेहरा वाचता येत होता. ती बरी होऊन घरी आली, तेव्हा आईने पहिले काम केले ते दारातल्या गटारीला शिव्या घालण्याचे. डास म्हटला की तो गटारातला, अशी आमच्या आळीची ठाम समजूत आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. गटारात, सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो तो क्यूलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा हाच. हत्तीरोग पसरवणारा डास याच जातीतला. हिवतापाचा डास अॅनॉफेलीस. तो बसतो तेव्हा शेपटीकडची बाजू वर उचललेली असते. याच्याच पोटात रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हिवतापाचे जंतू सापडले आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरा एडिस, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतो तो हा. याला गटार नको असते. याला हवे असते आपल्या घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी. शिवाय हा दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी अधिक. म्हणजे आम्ही रात्री मच्छरदाणी लावून निर्धास्त झोपत होतो आणि बहीण दुपारी ओसरीवर उघडीच झोपत होती! (या सर्व जातींत चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. आमच्या वर्गातील मुलांनी यावर विनोद करण्याची आवश्यकता नाही.)

आरोग्य खाते ‘कोरडा दिवस’ पाळा असे सांगते. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची. घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली, “पानी काय फेकून द्यायला भरलंय का गं? आन् टिपाड धुवायला घागरभर पानी जातंय, ते तुझ्या कॉलेजातून आननार का?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याच्या नळाला रोज पाणी येते त्याला कोरडा दिवस सोपा. पाणी साठवल्याखेरीज ज्याचे भागत नाही त्याने काय करायचे? बरेच दिवस आमचे यावर भांडण चालले. शेवटी जे ठरले ते असे. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी टिपाडात तळाशी उरलेले पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून कळशीत घ्यायचे. फडक्यात अडकलेल्या अळ्या कोरड्या मातीवर झटकायच्या, गटारीत नव्हे. मग टिपाड आतून काथ्याने घासायचे. जिथे पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे तर जोर लावून घासायचे, कारण एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी तशीच राहतात, ही गोष्ट आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हती. घासलेले पाणी तुळशीला आणि शेवग्याच्या बुडाला जाते. त्यामुळे ती घागरही वाया गेली, असे आईला आता वाटत नाही.

भरल्यानंतर टिपाडाच्या तोंडाला फडके ताणून सुतळीने बांधायचे. वर नुसते पत्र्याचे झाकण ठेवून भागत नाही. आमचे झाकण एका बाजूने वाकलेले होते आणि डासाला तेवढी फट पुरते. उन्हाळ्यात पाणी लांबले तर आठव्या दिवशी मधेच एकदा गाळायचे. मोठा सिमेंटचा हौद असा उपसता येत नाही. त्यात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात.

अंगणात मात्र आश्चर्यच वाटले. आमच्या घरावरचे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर जुने टायर ठेवलेले आहेत. शिडी लावून चढले, तर दोन टायरांत पावसाचे पाणी आणि त्यात वळवळ. टायरांना भोके पाडली, पाणी गळून गेले. फुटके उखळ पालथे केले, नारळाच्या करवंट्या चुलीत घातल्या. एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्या नाहीतर शेजाऱ्याच्याच घरचा असतो. शेजारच्या काकूंना हे सांगणे टिपाड घासण्याहून अवघड गेले, असो.

सांडपाण्यासाठी मोरीमागे शोषखड्डा घ्यायचा आमचा विचार आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी हे गाव घरोघरी शोषखड्डे घेऊन डासमुक्त झाल्याबद्दल प्रसिद्ध आहे. गटारच उरले नाही, की क्यूलेक्सला जागा नाही. संडासाच्या हवेच्या नळीला मात्र वर जाळी बांधावी लागते, नाहीतर टाकीतले डास तिथून सुखाने ये-जा करतात. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आजी अजून करते. धूर असेपर्यंत डास दूर राहतात, विरला की परत येतात. आजीला मी अडवत नाही, फक्त खोकणाऱ्या बहिणीला बाहेर नेऊन बसवते.

आता टिपाडे तपासण्याचे काम तिनेच आपल्याकडे घेतले आहे. फडके सोडून ती आत विजेरी मारते आणि काठाला टिचकी देते. अळ्या असल्या तर दचकून तळाकडे जातात आणि श्वास घ्यायला थोड्याच वेळात वर येतात. तेवढ्यासाठी ती थांबून राहते. परवा तिने आतूनच हाक मारली, “ताई, दोन हायेत!” आई हातातली भाकरी तव्यावर टाकून धोतराचे फडके घेऊन धावली.