घरची बॅटरी कोणी पाहावी ?

छपरावर सोलर पॅनेल बसलें म्हणजे विजेची विवंचना कायमची मिटली, अशी समजूत करून घेणाऱ्या गृहस्थांत प्रस्तुत लेखकही एक होता. कोंकणांतील आमच्या घरीं पहिली बॅटरी दोन वर्षांतच निकामी झाली, तीही ऐन आषाढांत. जिन्यावरचा दिवा अकस्मात् मालवला आणि वहिनींचा पाय घसरून मनगट मोडलें.

दोष कोणाचा ? धाकट्या बंधूंस वाटे पाणी मी घालतों. मला वाटे, ते घालतात. चिरंजीवांनीं तर एकदां विहिरीचें पाणी ओतलें ! त्यांतील क्षार शिशाच्या पट्ट्यांस मारक होत. घालावयाचें तें केवळ डिस्टिल्ड वॉटर. अम्ल वरून कधींही घालूं नये. कारण चार्ज होतांना वायुरूपानें जातें तें पाणी, अम्ल आंतच राहतें. त्या वायूंत हायड्रोजन असल्यामुळें बॅटरीपाशीं समई-उदबत्ती नको आणि खोलीस खिडकी हवी.

पण पाण्याहूनही मोठी चूक आकाराची होती. आम्ही गणित न मांडतांच १०० अँपिअर-तासांची बॅटरी आणली. वास्तविक हिशेब त्रैराशिकाहून अवघड नाहीं. ९ वॅटचे चार दिवे पांच तास, म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे ४८०. एकूण ६६०. इन्व्हर्टर स्वतः कांहीं वीज खातो, म्हणून ०.८ नें भागून ८२५. शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिती केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. यास्तव दुप्पट, १६५०. यास १२ व्होल्टनें भागतां सुमारें १३८, म्हणजे बाजारांतील १५० ची बॅटरी. आणि हें एकाच रात्रीचें झालें ! आमच्याकडे आभाळ दोन-दोन दिवस उघडत नाहीं. शिवाय क्रिकेटचा सामना पाहण्यासाठीं टीव्हीही त्याच बॅटरीवर लावला होता, आणि तो हट्ट माझा होता.

रिती बॅटरी तशीच कांहीं दिवस राहिली कीं पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. मग चार्ज करूनही ते हटत नाहींत. आमच्या बॅटरीचें तेंच झालें. लिथियमच्या बॅटरीस पाणी लागत नाहीं व तिचा बराच अधिक भाग वापरतां येतो. परंतु किंमत ऐकून आम्ही पुन्हां शिशाचीच, मात्र १५० च्या दोन, घेतल्या. दोन्ही एकदमच, जुनीस नवी जोडूं नये.

दर अमावास्येस पाणी पाहण्याचें काम आतां एकट्या वहिनींकडे आहे. त्या दिनदर्शिकेवर खूण करतात, आणि टीव्हीचें बटणही त्याच बंद करतात.