उपजत हुशारी आणि वर्धिष्णू बुद्धी : देवास व धार येथील काही उदाहरणे

शाळातपासणीच्या वेळी वर्गशिक्षकाकडे एखाद्या विद्यार्थ्याची चौकशी केली असता "मुलगा मूळचाच हुशार आहे" किंवा "याच्या डोक्यात गणित शिरत नाही" अशा स्वरूपाचे उत्तर पुष्कळदा मिळते. तालमीतील वस्तादही नवागताला पाहून "याचे अंगच कुस्तीचे नाही" असे सांगून मोकळे होतात. घरी वडीलधारी मंडळी तर "आमच्या घराण्यात कोणालाच इंग्रजी आले नाही, याला कोठून येणार?" असा निर्वाळा मुलाच्या समोरच देतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु या सर्व उद्गारांच्या मुळाशी एक समजूत असते. बुद्धी, गळा किंवा अंगातील चपळाई ही जन्मतः ठराविक मापाने मिळते व पुढे त्या मापात फारसा फरक पडत नाही, अशी ती समजूत होय. मानसशास्त्रात हिला स्थिर मनोधारणा म्हणतात. योग्य रीतीने परिश्रम केल्यास, शिकण्याच्या पद्धती बदलल्यास व जाणकारांचे साहाय्य घेतल्यास क्षमता वाढू शकते, ही याच्या उलट धारणा. तिला आपण वर्धिष्णू मनोधारणा म्हणू.

या दोन धारणांचा शिकण्याच्या उत्साहावर काय परिणाम होतो, याचा दीर्घकाळ अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी केला. त्यांचा व क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. पाचवीच्या वर्गातील मुलांना आकृत्यांची काही कोडी सोडविण्यास देण्यात आली. सर्वांनाच "तुम्ही छान गुण मिळविले" असे सांगण्यात आले. मात्र काहींना त्यापुढे "तू हुशार असला पाहिजेस" असे म्हटले, तर काहींना "तू मेहनत घेतली असली पाहिजेस" असे म्हटले. फरक एवढ्या एका वाक्याचा. यानंतर पुढील काम निवडण्यास सांगितले असता, हुशारीची स्तुती झालेल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांनी आपली हुशारी दिसून येईल असे काम पसंत केले. मेहनतीची स्तुती झालेल्यांपैकी ९२ टक्के मुलांनी ज्यातून काही शिकता येईल असे काम घेतले. मग सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यांत सर्वच मुले अडखळली. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा पहिल्या गटाचे गुण पूर्वीपेक्षा घसरले आणि दुसऱ्या गटाचे वाढले. याहूनही चिंताजनक बाब अशी की, आपले गुण दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलाला लिहून कळविण्यास सांगितले असता हुशार म्हणविल्या गेलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी ते खोटे लिहिले. मेहनती म्हणविल्या गेलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. हुशार हा शिक्का एकदा बसला की तो पुसला जाईल ही भीती मुलाच्या मनात घर करते आणि अपयश लपविणे हाच त्याला सोपा मार्ग वाटू लागतो.

हा झाला प्रयोगशाळेतील पुरावा. माळव्यातील मराठी वाचकांना याची साक्ष अधिक जवळून मिळू शकते.

धार आणि देवास ही पवार घराण्याची मराठी संस्थाने. देवासचे राज्य तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्यांत विभागलेले होते. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली व १९५६ पासून तो भाग मध्य प्रदेश राज्यात आहे. देवासला गाण्याची परंपरा जुनी. उस्ताद रजब अली खाँ यांचे नाव याच गावाशी जोडलेले आहे. याच गावी १९४८ च्या जानेवारीअखेर एक चोवीस वर्षांच्या आतला, क्षयाने जर्जर झालेला गायक राहावयास आला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. ते कुमार गंधर्व या नावाने सर्वांना परिचित आहेत.

कुमारांचे बालपण उपजत हुशारीवर विश्वास ठेवणाऱ्याला मोठाच आधार वाटेल असे आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. लहान वयातच नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत. हरकती, ताना, श्वासाची जागासुद्धा तीच. लोक थक्क होत, बक्षिसे देत. 'कुमार गंधर्व' ही उपाधी त्यांना बालपणीच मिळाली. अशा मुलाचे पुढे काय होते, हे आपण नाट्यसंगीताच्या व खेळाच्या क्षेत्रांत अनेकदा पाहिले आहे. चमत्कार म्हणून ज्याची वाहवा झाली, तो चमत्काराच्या पलीकडे जाण्यास सहसा धजत नाही, कारण पुढच्या पायरीवर अडखळणे आलेच.

कुमारांच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे पहिले श्रेय मुंबईचे प्राध्यापक बा. र. देवधर यांना द्यावे लागेल. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी कुमार त्यांच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. देवधर स्वतः विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. परंतु एकाच घराण्याच्या चौकटीत शिष्याला बसविण्याचा त्यांचा आग्रह नव्हता. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्यांच्या विद्यालयात येत, गात व चर्चा करीत. नक्कल उत्तम साधणाऱ्या मुलाला त्यांनी टाळ्यांवर सोडून न देता स्वर, राग व बंदिशी यांचा विचार करावयास शिकविले. पुढे कुमारांनी अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि देवधरांच्या विद्यालयात स्वतः शिकवूही लागले. मैफलींत नाव झालेल्या तरुणाने पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे ही सामान्य गोष्ट नव्हे, असे आम्हांस वाटते.

१९४७ मध्ये विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. एक फुफ्फुस निकामी होत चालले. कोरड्या हवेसाठी देवास गाठावे लागले व गाणे बंद करावे लागले. सुमारे पाच वर्षे या गायकाने गळ्याचा वापर जवळजवळ केला नाही. क्षमता ही ठराविक मापाने मिळालेली ठेव असते, असे मानणाऱ्याच्या दृष्टीने येथे हिशेब संपला होता. ठेव बुडाली होती.

अंथरुणावर पडलेल्या कुमारांच्या कानी मात्र देवासच्या रस्त्यावरून जाणारी गाणी येत होती. माळव्यातील स्त्रिया लग्नकार्यात, सणावारी गातात ती गीते, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने, भिक्षेकऱ्यांचे स्वर. चार-पाच स्वरांतच फिरणाऱ्या या धुनांत रागाचे बीज असते, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. त्यांनी ती गाणी जमविली, लिहून घेतली, त्यांवर मनन केले. पत्नी भानुमती यांनी या काळात केलेली शुश्रूषा सर्वश्रुत आहे. स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हा नव्याने मिळू लागलेले औषधही त्यांना लाभले. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण केवळ मनाच्या बळावर क्षय बरा होतो असा समज कोणी करून घेऊ नये.

१९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा गाणे पूर्वीचे राहिले नव्हते. लांबलचक दमसासावर उभी असलेली गायकी आता शक्य नव्हती. त्यांनी छोट्या, तेजस्वी स्वरसमूहांचा आणि मधल्या विरामाचा उपयोग केला. दोन स्वरांमधील शांतताही त्यांच्या गाण्यात अर्थपूर्ण झाली. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी असे नवे राग त्यांनी लोकधुनांतून सिद्ध केले आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. घराण्याची शिस्त मोडली, असा आक्षेप घेणारे जाणकार पुष्कळ होते. पद्मभूषण १९७७ मध्ये व पद्मविभूषण १९९० मध्ये मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले. ते प्रतिभावंत होते, हे कोण नाकारील? मात्र बालपणीची प्रतिभा त्यांनी जपून ठेवली असती, तर ध्वनिमुद्रिकेची उत्तम नक्कल करणारा गायक एवढीच त्यांची ओळख उरली असती.

क्रीडाक्षेत्रातील उदाहरणही देवासशी संबंधित आहे. क्रिकेटपटू विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीचा. त्यांना देवास संस्थानचा आश्रय लाभला व ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडून शिक्षण मिळाले. हजारे फलंदाजीस उभे राहत ते दोन्ही पायांच्या मध्ये बॅट धरून. पुस्तकी दृष्टीने ही ढब चुकीचीच. ग्रिमेट यांनी ती मोडून काढली नाही. शिकविणारा चांगला असेल तर दोष कोणता आणि निव्वळ वेगळेपणा कोणता हे त्याला ओळखता येते. आपल्याकडे डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी मारणाऱ्या गुरुजींची आठवण येथे काहींना होईल.

हजारे यांच्या कारकिर्दीतील आकडे बोलके आहेत. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे लिंडवॉल व मिलर यांच्या माऱ्यासमोर त्यांनी ११६ व १४५ धावा काढल्या. कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात तर संघाची एकही धाव झालेली नसताना दोन गडी बाद झाले होते, आणि सामना वाचण्याची आशा जवळपास नव्हती. सामना भारत हरलाच. तरीही निकाल ठरल्यासारखा दिसत असताना समोरचा चेंडू नीट खेळणे म्हणजे काय, हे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला या एका डावावरून समजावून देता येईल. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.

धारचे नाव अलीकडे बॅडमिंटनमुळे ऐकू येते. २००२ मध्ये धार येथे जन्मलेले प्रियांशू राजावत लहान वयातच गोपीचंद अकादमीत शिकावयास गेले. २०२२ मध्ये थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील ऑर्लिअन्स येथील स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनी २१-१५, १९-२१, २१-१६ असा जिंकला. मधला गेम हातचा गेल्यावर तिसऱ्यात पुन्हा उभे राहावे लागते, हे खेळाडूला रोजचेच आहे. वर्गातील मुलाला मात्र एका चाचणीतील अपयशानंतर अशी दुसरी संधी आपण क्वचितच देतो.

येथे एक सावधगिरी हवी. मनोधारणेचा विषय गेल्या काही वर्षांत इतका लोकप्रिय झाला की भिंतीवर घोषवाक्ये लावली म्हणजे मुले प्रगती करतील, असे काहींना वाटू लागले. पुरावा तसे सांगत नाही. २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतील सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदू सरावाने वाढतो हे समजावून देणारा, एक तासाहूनही कमी वेळाचा पाठ त्यांना देण्यात आला होता. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या गुणांकात ४ पैकी सरासरी केवळ ०.१० ची वाढ झाली. वाढ खरी, पण अल्प. ज्या शाळांत सोबतच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती, तेथे परिणाम अधिक दिसला. अन्य संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही सरासरी परिणाम बेताचाच आढळला. कुमारांना देवधर व औषध मिळाले, हजाऱ्यांना संस्थानचा आश्रय व ग्रिमेट मिळाले, ही बाब विसरून चालणार नाही. ज्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक शिक्षक आहे आणि मैदान नाही, तेथील मुलाला "तू अजून मेहनत कर" एवढेच सांगणे हे त्याच्यावरच दोष ढकलण्यासारखे होईल.

मेहनतीच्या स्तुतीचाही अतिरेक होतो. चुकीच्या रीतीने दहा वेळा सोडविलेले उदाहरण अकराव्या वेळीही चुकणारच, आणि तेव्हा "शाब्बास, प्रयत्न केलास" हे शब्द मुलाला पोकळ वाटतात. मुले याबाबतीत मोठ्यांपेक्षा अधिक चाणाक्ष असतात. नुसते सोपे यश देऊनही भागत नाही. ड्वेक यांनी १९७५ साली अपयशाने हातपाय गाळणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना केवळ सोपी गणिते देऊन सतत यश मिळू दिले. काहींना मधूनमधून अपयश येऊ दिले व ते प्रयत्न अपुरा पडल्यामुळे आले असे सांगितले. पुढे अवघड गणिते समोर आली, तेव्हा पहिली मुले पुन्हा खचली, दुसरी टिकून राहिली.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना प्रगतिपुस्तक भरताना एक बदल करून पाहता येईल. "गणितात कच्चा" या शेऱ्यातून मुलाला किंवा पालकांना काहीच करता येत नाही. "भागाकारात मधले शून्य लिहावयाचे राहते, बाकी रीत बरोबर" असा शेरा असेल, तर अक्षरओळख असलेली आईसुद्धा संध्याकाळी चार उदाहरणे घालून ते शून्य तपासू शकते. मल्लखांबाच्या किंवा कबड्डीच्या शिक्षकाने "चपळ नाही" असे न लिहिता "उडीनंतर डावा पाय उशिरा येतो" असे लिहावे. केंद्रप्रमुखांनी तपासणीच्या वेळी गुणांच्या जोडीने असे शेरेही वाचावेत. प्रगतिपुस्तकातील शेऱ्याचा रकाना लहान असतो खरा, पण एवढे शब्द त्यात मावतात.