टोपल्याचा हिशेब आणि पदवीचा हिशेब

मांजरी बुद्रुकमधल्या आमच्या वस्तीतला एक मुलगा प्रवेशाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. बारावीला गुण चांगले. कृषी पदवी घ्यावी, पुढे मृदशास्त्र किंवा जलसंधारण शिकावे, असे त्याच्या मनात. सोबत आलेल्या वडिलांचा प्रश्न मात्र रोखठोक होता : "गुरुजी, माती-पाणी राखायला शिकून पोराच्या पोटाला काय मिळणार?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शिक्षणाची महती सांगणारे आपण तिचा खर्च सांगायला मात्र कचरतो. म्हणून त्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेतली.

पहिली गोष्ट जमिनीची. मांजरी हे कालव्याच्या पाण्यावरचे उसाचे गाव. इथे १९७५ साली उभी राहिलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले आणि शेतांचे प्लॉट होण्याला वेग आला. ज्याचे शेत आहे त्याच्या मुलाला नोकरी नाही मिळाली, तरी त्याची पदवी स्वतःच्या वावरात राबते. माती तपासून खत घालतो, ठिबक करतो, चार पैसे वाचवतो. आपल्या मुलाला वावरच नाही. त्याची पदवी कोणी पगार देईल तेव्हाच कमावणार. एकाच वर्गात बसणाऱ्या दोघांच्या हिशेबात हा मूळचा फरक आहे.

आता खर्च. १९४४ साली भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. त्या परंपरेतल्या आजच्या योजनेत अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाच्या फीचा भार बराचसा हलका होतो. वसतिगृह न मिळाल्यास 'स्वाधार' योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. पण पैसे हाती पडेपर्यंत खाणावळवाला थांबत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलाची रक्कम परीक्षा उलटून गेल्यावर आली. तोवर आईचे डोरले गहाण पडले होते. त्याचे व्याज कुठल्याच योजनेत धरलेले नसते.

आणि न दिसणारा खर्च तर वेगळाच. हा मुलगा आज कामाला लागला आणि समजा, महिना १५,००० मिळवू लागला, तर चार वर्षांत ७,२०,००० होतात. त्यातले काही त्याच्या स्वतःच्याच पोटात जातील हे खरे. तरी पदवीची खरी किंमत फीच्या पावतीवर नसते, ती या न आलेल्या पगारात असते.

मिळकतीच्या बाजूला कृषिसेवकाचे मानधन धरले. २०२३ मध्ये ते ६,००० वरून १६,००० झाले. म्हणजे वरच्या मजुरीपेक्षा महिन्याला हजार जास्त. तीन वर्षांत ३६,०००. एवढ्याने सात लाख भरून निघत नाहीत. ते भरतात पुढच्या नियमित वेतनात, म्हातारपणापर्यंत. शिवाय या जागेला कृषी पदविकाही चालते. घर अगदी अडलेले असेल तर आधी पदविका घेण्यात कमीपणा नाही. सहायक वनसंरक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० पासून सुरू होते. पण तिथे जागा मोजक्या आणि उमेदवार हजारो.

पैशाच्या पलीकडेही एक रकाना आहे. बाबासाहेब कोलंबियात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. पदवी होती, पद होते, छप्पर नव्हते. परगावी बदली होणाऱ्या आपल्या मुलाला भाड्याची खोली शोधताना आजही आडनाव विचारले जाते.

मग शिकू नये काय? इथे मला माझी आई आठवते. १९७२ च्या दुष्काळात शिरूर तालुक्यात ती बांधबंदिस्तीच्या आणि पाझर तलावाच्या कामावर टोपली वाहत होती. बांध कुठून जायचा हे ओव्हरसियर ठरवी. माती आमची माणसे टाकत, आणि अडलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीला लागे. अशा कामांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. २०२५-२६ साली महाराष्ट्रात या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शंभर दिवस भरले तर ३१,२००. त्याच बांधाची आखणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा एका महिन्याचा पगार याहून जास्त असतो. माती-पाणी राखण्याचे काम आपल्याला नवे नाही. नवी आहे ती मोजपट्टी हातात येणे, आणि पाणी कोणाच्या वाट्याला जाणार हे ठरते त्या टेबलाशी बसणे.

म्हणून मी त्या वडिलांना तीन गोष्टी सांगितल्या. सरकारी महाविद्यालय आणि वसतिगृह किंवा स्वाधार पक्के होत असेल तरच पदवीला घाला. खाजगी फीसाठी कर्ज काढू नका. पहिल्या सहा महिन्यांचा खाणावळीचा पैसा आधी बाजूला ठेवा. आणि पदवीनंतर स्पर्धापरीक्षेला दोनच वर्षे द्या, तीही काही काम करत.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग मुलाला म्हणाले, "भर अर्ज. पण हा कागद जपून ठेव."

असा कागद आपल्या प्रत्येक घरात मांडला गेला पाहिजे. आणि शिष्यवृत्ती वेळेवर द्या, जागांची भरती नियमित करा, ही मागणीही त्याच कागदाच्या आधाराने सरकारदरबारी गेली पाहिजे.